चाळीस पावलांवरची म्हैस

आमच्या पाणथळात माणूस थोरल्या मुलाच्या नावानं ओळखला जातो. चासिबचा थोरला रहीम, तेव्हा त्याला अबू रहीम म्हणायला हवं, आणि मयतीत, सोयरिकीच्या बैठकीत लोक तसं म्हणतही. पण होडीतून जाता-येता, मासे निवडताना, चहाच्या टपरीवर त्याचं नाव एकच होतं: अबू जरीदा. वर्तमानपत्राचा बाप. कुणीतरी चेष्टेनं ठेवलेलं हे नाव त्यानं मानाच्या शालीसारखं अंगावर घेतलं. एकोणीस वर्षं तो बसऱ्याच्या एका वर्तमानपत्राला आमच्या पाण्याची खबर कळवत आला, आणि एवढ्या वर्षांत त्याची एक ओळ कुणी खोटी पाडली नव्हती.

लिहायला तो शिकला ते पाणी नसताना. राजवटीनं बंधारे घालून आमचं पाणी तोडलं, तेव्हा त्याच्या बापानं बिऱ्हाड उचलून वाळवंटाच्या कडेला नेलं. तिथं म्हैस नव्हती, होडी नव्हती, बोरूचं बन नव्हतं. पोरगं करणार काय? शाळेत जाऊन बसलं. पुढं राजवट पडली, माणसांनी कुदळी घेऊन आपल्या हातांनी बंधारे फोडले आणि पाणी घरी आलं. पाण्यामागं बोरू आले, बोरूमागं पाखरं, पाखरांमागं माणसं आणि म्हशी. चासिबही आला. आमच्यात तेव्हा धड अर्ज लिहू शकणारे तिघेच होते. एक मुल्ला, एक शाळामास्तर, आणि हा.

आपल्या उतारावर त्यानं पाण्यात एक दांडा रोवला होता आणि त्यावर बोटांच्या खुणा केल्या होत्या. रोज सकाळी तोंड धुण्याआधी तो दांडा बघायचा, मग ओंजळभर पाणी जिभेवर घ्यायचा आणि थुंकायचा. किती बोटं उतरलं, खारटपणा कुठवर आला, कुठल्या वस्तीत किती जनावरं गेली, हे सारं वहीत उतरवून आठवड्यातून एकदा कळवायचा. आतल्या पानावर, निधनवार्तांच्या खाली, चार ओळी छापून यायच्या. त्याची बायको नूफा म्हणायची, "तुझी बातमी वाचली हो आज. माशाला गुंडाळून आली होती. मासा ताजा होता."

तो हसायचा. त्याचा एका गोष्टीवर भरवसा होता आणि तो त्यानं कुणापासून लपवला नाही. वरच्या अंगाला नद्या अडवणारे देश आहेत. त्याहून दूर, ज्यांच्या धुरानं आमचं आभाळ तापलं ते देश आहेत. त्यांना कळत नाही म्हणून ते असं वागतात. कळलं की लाजतील, आणि लाजला तो माणूस सुधारला. टपरीवर कुणी हटकलं की तो म्हणायचा, "अरे, चोरालासुद्धा कुणी बघतंय म्हटल्यावर हात आखडतो. मी नुसता बघतो, आणि बघतोय हे सांगतो." हे बोलताना त्याची मान ताठ असायची. ती मान मी पाहिली आहे, म्हणून पुढचं सांगणं जड जातं.

त्या उन्हाळ्यात पाणी कधी नव्हतं इतकं उतरलं. दांड्याच्या खुणा संपल्या, तेव्हा चासिबनं खाली नव्या खुणा कोरल्या. दोन तासांवरच्या अबू सबा वस्तीत अकरा म्हशी खाऱ्या पाण्यानं गेल्या. डोळे आंधळे झाले, मग पोटं फुगली, मग गेल्या. अकराच्या अकरा त्यानं मालकाच्या नावानिशी कळवल्या. छापून आलं ते असं: काही जनावरं दगावल्याचं समजतं.

मग एका बुधवारी संपादकांचा, उस्ताद घानिमांचा, फोन आला. जगभरचे लोक पाण्यासाठी कुठल्याशा मोठ्या शहरात जमणार होते. एका परदेशी वृत्तसंस्थेला आमच्याकडचा फोटो हवा होता, तोही उद्या संध्याकाळपर्यंत. "आकडे पुरे झाले, अबू रहीम," उस्ताद म्हणाले. "आकड्याला तोंड नसतं. जनावर दाखव, माणूस दाखव."

गुरुवारी सकाळी फोटोवाला आला. मैसम त्याचं नाव, बगदादचा, सात तासांचा रस्ता तुडवून आलेला, सभ्य माणूस. चहा घेताना त्यानं चासिबला त्याच्याच चार ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. एकोणीस वर्षांत आपल्या ओळी पाठ असलेला माणूस चासिबला पहिल्यांदा भेटला. त्यानं स्वतः वल्हं हातात घेतलं आणि अबू सबाकडं होडी काढली.

अर्ध्या वाटेवर होडी चिखलात रुतली. आठवड्यापूर्वी कंबरभर पाणी होतं तिथं आता बगळा पाय न भिजवता चालत होता. चासिब म्हणाला, हाच फोटो घ्या, हीच तर बातमी आहे, वाटच आटली. मैसमनं एकदा बघितलं. तो म्हणाला, चिखल जगात सगळीकडं असतो, चिखलाकडं बघून कोण थांबणार. पुढं चालत जायचं तर संध्याकाळ होणार. दोघं परत फिरले. संधी एकदाच दारात येते, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती पाठ फिरवून चालली होती.

उताराला लागले तेव्हा कळलं की उम्म फरहानची हमरा गेली.

उम्म फरहान, म्हणजे फरहानची आई, वब्रिया, चासिबची चुलत बहीण, त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. चौदा म्हशींवर तिनं तीन मुलं वाढवली. हमरा त्या चौदांची म्होरकी, तांबूस केसांची. ती पाण्यात उतरल्याशिवाय बाकीच्या खुर भिजवत नसत. तिच्या दुधाची साय एवढी जाड धरायची की शहरातल्या बाजारात तिला वेगळं गिऱ्हाईक होतं. सकाळी खजुराच्या पाकाबरोबर ती साय खायला लोक रांग लावत. हमरा त्या पहाटे विताना अडली. वब्रियानं कोपरापर्यंत हात घालून पारडी बाहेर काढली. पारडी जगली, पण आईचं रक्त थांबेना. पाण्याच्या काठाला, हिरव्या गवतात, मान टाकून ती गेली. भोवती गुडघाभर पाणी होतं.

आमच्याकडं म्हशीसाठी बाया माणसासारख्या रडतात. तिचं दूध, तिची चाल, तिनं कुठल्या पुरात कुणाला ओढून काढलं, सगळं गाऊन रडतात. वब्रिया सकाळीच तसं रडून मोकळी झाली होती. चासिब पोचला तेव्हा ती पाणकणसाच्या जुडीनं पारडीचं अंग चोळत होती आणि पारडी थरथरत उभी राहायला बघत होती.

मैसमनं चहूकडून बघितलं आणि मान हलवली. गवत हिरवं, पाणी चकचकीत, म्हैस जणू झोपलेली. बोलला तो चासिब. वरच्या अंगाला भेगाळलेली जमीन होती, ऊन तिथं चांगलं पडत होतं. "तिथं नेली तर?" त्यानं विचारलं.

खोटं बोलतोय असं त्याला तेव्हा वाटलं नाही, हे त्यानं पुढं स्वतःच सांगितलं. त्याला अबू सबाच्या अकरा म्हशी दिसत होत्या. त्या खऱ्या होत्या, पण त्यांना तोंड नव्हतं. हमराला तोंड होतं. अकराजणींचं मरण हिच्या अंगावर घालायचं, एवढंच. त्यात वाईट काय?

चार माणसं बोलावली, दोर बांधले. ओढताना चासिब सवयीनं पावलं मोजत होता. चाळीस भरली. म्हशीमागं ओला पट्टा उमटला, तो त्यानं बोरूच्या चटईनं झाडून पुसला. पारडी आईमागं धडपडत येऊ लागली. नुकती जन्मलेली, ओली, जिवंत पारडी तहानेच्या फोटोत कशी चालेल? चासिबनं तिला उचलून झोपडीमागं नेलं आणि दाव्यानं बांधलं. ती हंबरत राहिली. फोटोला आवाज नसतो.

मग त्यानं वब्रियाला म्हशीजवळ बसायला सांगितलं. ती म्हणाली, "मी कशाला? माझे हात बघ, रक्तानं भरलेत."

"असू दे, उम्म फरहान. हे जग बघणार आहे. बघितलं की पाणी सोडतील."

"खरंच सोडतील?"

"सोडतील," चासिब म्हणाला.

या एका शब्दाला त्याच्याजवळ ना दांड्याचा पुरावा होता, ना वहीचा. ती बसली. त्यानं तिला जरा खाली बघायला सांगितलं. तिनं खाली बघितलं. संध्याकाळच्या आत मैसमनं विचारलं, म्हैस कशानं गेली, ओळ काय लिहू? आणि एकोणीस वर्षं बोटं मोजून लिहिणाऱ्या माणसानं सांगितलं, "लिहा, पाण्यावाचून."

तो फोटो वणव्यासारखा गेला. आम्हाला ज्यांचं नावही उच्चारता येत नाही अशा शहरांतून गेला. जिथं जगाचे लोक जमले होते तिथं तो भिंतीएवढा लावला होता. मैसमनं त्याचं चित्रण पाठवलं. वब्रिया छतापर्यंत उंच, आणि तिच्या पायांशी हातात पेले घेतलेली माणसं ये-जा करत होती. एक बाई थांबली, छातीवर हात ठेवून उभी राहिली, मग तीही गेली. फोटोखाली बारीक अक्षरांत चासिबचं नाव होतं. टपरीवर लोक त्याला बघून उठून उभे राहू लागले. उस्ताद घानिमांनी फोनवर त्याला 'बेटा' म्हटलं. वर्तमानपत्रात तो पहिल्या पानावर आला, आणि त्या दिवशी नूफानं मासा दुसऱ्या कागदात गुंडाळून आणला. नऊ दिवस तो सुखात होता.

पाणी दोन बोटं आणखी उतरलं.

दहाव्या दिवशी वब्रियाची साय बाजारातून परत आली. बाराव्या दिवशी पुन्हा. साय पोचवणाऱ्या दलालानं निरोप दिला की गिऱ्हाईक फोन काढून फोटो दाखवतंय आणि विचारतंय, हीच ना ती बाई, मेलेल्या म्हशीवाली? जिथं म्हशी अशा मरून पडतात, तिथलं दूध लेकरांना कोण पाजणार? शेजारच्या वस्त्यांची साय खपत होती, कारण त्यांना तोंड नव्हतं. वब्रियाचं तोंड साऱ्या मुलखाला पाठ झालं होतं.

तिनं साय कुत्र्यांना घातली. मग एक म्हैस विकली, मग दोन. दावं सोडून म्हैस दुसऱ्याच्या होडीमागं पोहत जायची आणि वब्रिया उतारावर उभी राहून तिला नावानं हाक मारायची, म्हणजे ती वळून बघेल. वळून बघून झालं की मग वब्रिया तोंड फिरवायची. चासिबला ती एका शब्दानं बोलली नाही. दर शुक्रवारी त्याच्या घरी तिच्याकडून वाडगाभर साय यायची, वडिलांच्या काळापासूनची रीत. ती तशीच येत राहिली. नूफा वाडगा पुढं ठेवायची आणि चासिब भाकरी कोरडी खायचा.

त्यानं उस्ताद घानिमांना फोन लावला. झालं ते सांगतो म्हणाला, चार ओळी छापा.

"एक म्हैस खोटी म्हणालास की सगळ्या खोट्या ठरतील," उस्ताद म्हणाले. "तुझ्या अकरासुद्धा. वाटच बघतायत ते."

हे खोटं नव्हतं. पाण्याच्या कचेरीतला एक मोठा अधिकारी त्याच आठवड्यात टीव्हीवर म्हणाला होता की पाणथळातले फोटो बनवलेले आहेत. त्याला उत्तर द्यायला रेडिओवाल्यांनी चासिबलाच फोन केला, आणि चासिबनं साऱ्या मुलखाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं: "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." एकदा बोलला ते बोलला, आता त्याच्यावर दुसरं खोटं रचून ठेवलं होतं. आपल्या एका लबाडीनं लबाडांच्या हातात कोलीत दिलं, आणि ते लपवायचं तर आपणच लबाड राहायचं, अशी त्याची गत झाली. दांडा बघायला तो सकाळी जायचा, पण वहीत लिहायला पेन उचलायचा नाही. हा आकडा आता कोण खरा मानणार, आणि का मानावा?

तरीही तो गप्पच राहिला असता. माणूस लाजेची सवय करून घेतो, जसं आम्ही खाऱ्या पाण्याची करून घेतली. त्याला उठवलं ते दाखिलनं. हमराला ओढणाऱ्या चौघांतला हा एक. एका सकाळी तो टपरीवर सगळ्यांसमोर येऊन बसला आणि म्हणाला, "अबू जरीदा, आमची एक म्हातारी म्हैस आज-उद्या टेकेल असं दिसतंय. तुझ्या फोटोवाल्याला कळव की."

चासिब म्हणाला, बघू.

"फक्त एक सांग, भावा," दाखिल म्हणाला, "काठावर मरू देऊ, की आधीच वाळल्या जागी नेऊन ठेवू? मागच्या वेळी कंबर धरली माझी."

सगळी टपरी हसली. वाईट हसू नव्हतं ते. चासिबनं तेव्हा एकेकाचं तोंड बघितलं आणि त्याला उमगलं की हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असून ते त्याच्यासाठी उठून उभे राहत होते. एकोणीस वर्षं खरं लिहिलं तेव्हा कुणी उठलं नाही. खोट्यासाठी उठले, कारण त्यांना वाटलं, आपला माणूस जगाला टोपी घालून आला.

शुक्रवारी नमाजानंतर तो हाजी सैहूदच्या मुदीफमध्ये गेला. मुदीफ म्हणजे आमच्या टोळीची बोरूची बैठक, कमानीवर कमान बांधलेली. तिथं बोललेला शब्द दगडावर कोरल्यासारखा. आत तीसेक माणसं होती. कॉफी फिरली. चासिबच्या हाती पेला आला, तसा त्यानं तो न पिता समोर चटईवर ठेवला.

सगळ्यांच्या नजरा त्या पेल्याकडं वळल्या. पेला खाली ठेवला म्हणजे माणूस काही मागायला आला आहे, आणि मिळाल्याशिवाय पिणार नाही. कॉफी न पिता पाहुणा उठून गेला तर यजमानाला ती बोच पिढ्या पुरते. म्हणून दिलदार यजमान मागणी ऐकायच्या आधीच देऊन टाकतो. हाजी सैहूदला आपल्या दिलदारीचा अभिमान होता. रहीम लग्नाचा झाला होता, आणि हाजीच्या पुतणीचं नाव दोन महिने बायांच्या बोलण्यात होतं. हाजी मिशीला हात लावून हसला.

"पी, अबू रहीम. जे मागायला आलास ते दिलं."

"ऐकून तर घ्या, हाजी."

"दिलं म्हणालो ना? पी."

चासिबनं कॉफी प्यायली. 'पुरे'च्या खुणेनं पेला तीनदा हलवून परत केला आणि मग, उभं न राहता, खाली बघत सगळं सांगितलं. चाळीस पावलं, दोर, चटईनं पुसलेला पट्टा, झोपडीमागं बांधलेली पारडी. टपरीवर हसलेले चेहरे इथं हसले नाहीत. मुदीफमध्ये उघड बोललं की गोष्टीचं वजन बदलतं. मग त्यानं मागणी सांगितली: हे मी छापणार. टोळीतल्या कुणी मला अडवू नये, आणि कुणी विचारायला आलं तर खोटं पाडू नये.

हाजीचा चेहरा उतरला. पुढच्या पंधरवड्यात त्याच फोटोमुळं राजधानीतून पाहणीला माणसं यायची होती, त्यांच्यासाठी त्यानं दोन मेंढे बांधून ठेवले होते. त्यानं चुलीतले निखारे चिमट्यानं सारखे केले.

"मला वाटलं, मुलगी मागायला आलास," तो म्हणाला. "मुलगी दिली असती तर एक घर रिकामं झालं असतं. तू सगळ्यांचं घर मागितलंस." आणि मग, "दिलं म्हणालो. दिलं. पण अबू रहीम, यापुढं माझ्याकडं कॉफीला येताना आधी सांगून ये."

उस्ताद घानिमांनी छापलं. किती भांडून छापलं, ते दोघांनाच ठाऊक. आतलं पान, निधनवार्तांखाली, सहा ओळी. अमुक तारखेच्या छायाचित्रातील म्हैस पाण्याअभावी नव्हे तर प्रसूतीत मेली होती. आमचे वार्ताहर चासिब बिन दाइर यांनी ती दुसऱ्या जागी हलवून घेतली आणि कारण खोटं सांगितलं. याबद्दल ते व वर्तमानपत्र वाचकांची क्षमा मागतात. अबू सबा येथील अकरा म्हशी खाऱ्या पाण्याने मेल्या, ही बातमी खरी आहे.

पुढं तेच झालं जे उस्ताद म्हणाले होते. त्या अधिकाऱ्यानं टीव्हीवर तो अंक उघडून धरला आणि पहिल्या चार ओळी वाचल्या. शेवटच्या दोन वाचल्या नाहीत. पाहणीची माणसं आली नाहीत. मैसमचं काम गेलं असं कळलं. चासिबनं त्याला तीनदा फोन केला, त्यानं उचलला नाही. टपरीवर कुणी उठेना, आणि दाखिलनं तर जागाच बदलली. भिंतीएवढा फोटो ज्यांनी बघितला होता, त्यांच्यापर्यंत त्या सहा ओळी गेल्याच नाहीत. बाजारातही नाहीत. वब्रियाची साय तरीही खपेना. तिच्याकडं आता तीन म्हशी आणि ती पारडी उरली होती, आणि बसऱ्याला वीटभट्टीवर असलेला फरहान आईला घेऊन जायला येणार होता.

तो यायच्या आदल्या दुपारी चासिब अंक घेऊन तिच्याकडं गेला. ती चटया गुंडाळत होती. त्यानं मदतीला हात पुढं केला, तिनं चटई आपल्याकडं ओढून घेतली. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "आणलंस ना? मग वाच."

त्यानं उभ्यानं वाचलं. सहा ओळींना किती वेळ लागणार? वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "आणि मी?"

"तुझं नाव मी मुद्दामच घातलं नाही, उम्म फरहान. तुला आणखी त्रास नको म्हणून. चूक माझी."

"फोटोत होते की नव्हते?"

"होतीस."

"मग यात कुठंय?" ती चटईवर बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. "चासिब, मी सकाळीच रडून मोकळी झाले होते. तुझा माणूस आला तेव्हा मी रडत नव्हते. तू म्हणालास खाली बघ, मी बघितलं. का बघितलं? मला वाटलं, एवढ्यानं पाणी येत असेल तर बघायला काय जातंय. मलाही ठाऊक होतं की ती कशानं गेली. माझाच हात आत होता. तू मला तेव्हा मेलेल्या म्हशीची बाई केलंस, आणि आता भोळी बाई करतोयस. एकदा तरी मी होते तशी लिही की."

आपण तिला वाचवतोय असं त्याला महिनाभर वाटत होतं. आत्ता कळलं, तिला पुन्हा एकदा हवी तिथं उचलून ठेवली होती.

"कागद आहे?" तिनं विचारलं.

खिशात वही होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"लिही," ती म्हणाली. "हमरा माझी होती. तिचं नाव आधी लिही, म्हैस म्हणून नको. लिहिलंस?"

"लिहिलं."

"ती विताना गेली. पाणी तिच्या गुडघ्याला लागत होतं. पण ते पाणी खारट होतं, दोन महिन्यांपासून ती अर्धंच पीत होती, म्हणून अंगात जोर नव्हता असं मला वाटतं. मला वाटतं, असंच लिही. खात्री नाही."

तो वाक्य सावरायला थांबला. सवय होती त्याला. त्याचं पेन वर उचललेलं तिनं बघितलं.

"सुधारू नकोस," ती म्हणाली. "मी म्हणते तसंच."

चासिब खाली मान घालून लिहू लागला. त्याचे कान लाल झाले होते, पहिल्यांदा शाळेत बसलेल्या पोरासारखे. ती सावकाश सांगत गेली, मध्ये थांबून आठवत गेली, एकदा सांगितलेलं मागं घेऊन दुसरं सांगत गेली, आणि त्यानं मागं घेतलेलंसुद्धा लिहिलं.